श्नूटेचे वजन व माझे पद

१४ ऑक्टोबर १८८०

आजपासून ही स्वतंत्र वही ठेवत आहे. प्रोफेसर हाइनरोट यांनी श्वानांची नोंदवही माझ्याकडे सोपवली असून, तिच्यात केवळ श्वानांविषयी लिहावे, स्वतःची मते लिहू नयेत, असे आज सर्वांसमक्ष बजावले. मला मते आहेत, आणि ती कोठेतरी लिहिली जाणे उचित आहे.

मी येथील रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाचा मुख्य परिचारक आहे. माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झाले. परंतु त्या चार इयत्तांत जे शिकवले गेले, ते मी संपूर्ण शिकलो. शुद्धलेखन व वजाबाकी या दोहोंत माझा क्रमांक पहिला होता.

प्रोफेसरांविषयी प्रथम लिहितो. वय बेचाळीस. वडील याच बंदरात जहाजांची शिडे शिवत असत. सहा वर्षांपूर्वी ते आमच्या शस्त्रक्रियागृहाचे प्रमुख झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी आधीच्या प्रोफेसरांचा काळा कोट जाळावयास सांगितले. तीस वर्षांच्या रक्ताने तो कोट इतका ताठ झाला होता की खुंटीशिवाय उभा राहत असे. तो दररोज मीच झटकत असे. मी त्या रात्री जेवलो नाही. पुढे त्यांनी सर्वांना हात कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात धुण्यास लावले; माझ्या हातांची साले निघाली. मात्र ज्या खाटांवरून आम्ही दहापैकी सात माणसे पांढऱ्या चादरीत बाहेर नेत असू, त्याच खाटांवरून आता दोनच जातात. मी तेव्हा त्यांना मूर्ख समजत होतो. आता समजत नाही. हे मी त्यांना सांगितलेले नाही.

सध्याचे कार्य असे. जठराच्या तोंडाशी गाठ झाली की माणूस भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. ती गाठ कापून काढावी व उरलेली दोन टोके एकमेकांस शिवावीत, असा प्रोफेसरांचा विचार आहे. अन्यत्र कोणी कोणी हे करून पाहिले; रुग्ण गेले, असे ऐकतो. प्रोफेसर म्हणतात, कापणे कोणालाही येते, टाका गळतो तेथे माणूस मरतो. शिडात वारा भरला की त्यांच्या वडिलांचा टाका अधिकच आवळत असे. तोच टाका ते रेशमाने जठरावर घालतात. अकरा श्वान मेले. त्यांचे खड्डे मी खणले. बारावी कुत्री मात्र आज पाच दिवस जिवंत आहे. तिचे थोबाड लांबट असल्याने मी तिला श्नूटे, आमच्या बोलीत थोबाड, म्हणतो. वहीत अर्थातच ‘क्रमांक बारा’ असे लिहितो.

तिचे वजन दरमहा घ्यावयाचे आहे. ती काट्यावर क्षणभरही स्थिर राहत नाही, म्हणून मी तिला उचलून स्वतः उभा राहतो व नंतर माझे वजन वजा करतो. सहायक डॉक्टर ब्राश यांनी विचारले, “तुमचं वजन किती, वेन्झ्लाफ?”

“एकशे बासष्ट पौंड.”

“कधी मोजलं होतंत?”

“लष्करातून सुटलो तेव्हा. त्यात बदल होण्याचे काही कारण नाही.”

“तीस वर्षांपूर्वी?” ते हसले. “मग काय, तुम्ही म्हणजे बंदरावरचा दीपस्तंभच!”

आज दोघांचे मिळून दोनशे सहा. श्नूटे : चव्वेचाळीस पौंड.

३ डिसेंबर १८८०

दोघांचे मिळून एकशे अठ्ठ्याण्णव. श्नूटे : छत्तीस. प्रोफेसरांनी आकडा वाचला. मग चष्मा पुसला.

घरी वाटाण्यांचे सूप होते. पहाटे पोटाने ते परत केले. त्यात परवाच्या बटाट्याचे तुकडेही होते, हे विचित्र वाटले. पत्नी ओटिलीस मी स्पष्ट सांगितले की यंदाचे वाटाणे निकृष्ट आहेत.

“वाटाणे मीही खाल्ले ना रे! मला काही झालं नाही.”

“तुझे पोट खेड्यातले आहे.”

“आणि तुझं काय राजवाड्यातलं?” असे म्हणून तिने भांडी जोरात आपटली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती असेच उत्तर देत आली आहे.

बाल्टिक समुद्राच्या दमट वाऱ्याने चामडे सैल होते. माझ्या कमरेच्या पट्ट्यास एक नवे भोक पाडले.

९ जानेवारी १८८१

एकशे नव्वद. श्नूटे : अठ्ठावीस.

प्रोफेसर बराच वेळ तिच्या पिंजऱ्यापाशी बसून राहिले. “खाते, पण अंगी लागत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे टाका टिकला, पण जठर कापल्यावर प्राणी झिजतोच. मग माणसाला कापून काय उपयोग, वेन्झ्लाफ? आठ दिवसांऐवजी आठ महिने लावून मारायचा, एवढाच ना?”

श्नूटेने त्याच वेळी डॉ. ब्राश यांच्या खिशातून यकृताचे सॉसेज कागदासकट ओढून खाल्ले. दिसावयास ती गुटगुटीत दिसते, परंतु दिसण्यावर मी विसंबत नाही. मरणापूर्वीची हाव असावी. वजाबाकी मी दोनदा तपासली.

मला स्वतःला सॉसेजचा वासही आता सोसत नाही. कार्बोलिकचा परिणाम.

२ फेब्रुवारी १८८१

राजधानीतील प्रोफेसर डामरो यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आहे की शिडे शिवणाऱ्याच्या पोराने पोटे शिवण्याच्या भानगडीत पडू नये. हे डॉ. ब्राश यांनी मोठ्याने वाचले. प्रोफेसर म्हणाले, “माझ्या वडिलांच्या शिडांखालून गेलेलं एकही जहाज बुडालं नाही. डामरोंच्या सुरीखालून गेलेल्यांची गणती कोणी ठेवली आहे का?” सर्वजण हसले. प्रोफेसर हसले नाहीत.

ओटिली आज मला जिन्यात थांबवून म्हणाली, “अरे म्हाताऱ्या, तू चाललास की तुझ्या पोटात पाणी हिंदकळतंय. अर्ध्या पिंपासारखं. शेजारच्या लीनालासुद्धा ऐकू आलं.”

“लीनाने स्वतःच्या घरात ऐकावे.”

“डॉक्टरांना दाखव.”

“मी डॉक्टरांकडे नोकरीस आहे. मला दाखविण्याची गरज नाही.”

ती रडू लागली. कारण समजले नाही.

१८ फेब्रुवारी १८८१

एकशे चौऱ्याऐंशी. श्नूटे : बावीस. म्हणजे चार महिन्यांत कुत्री बरोबर निम्मी झाली.

प्रोफेसरांनी वही मिटली. “संपलं. डामरोंचं म्हणणं खरं. उद्या मी वैद्यक मंडळाला पत्र लिहितो, ही शस्त्रक्रिया माणसावर करू नये म्हणून.” एवढे बोलून ते टोपी न घालताच हिमात निघून गेले. मी टोपी घेऊन त्यांच्यामागे गेलो. परंतु कोपऱ्यापर्यंत पोहोचताच मला भिंतीस टेकून उभे राहावे लागले. वय होत चालले आहे.

१९ फेब्रुवारी १८८१

आजचा दिवस मी क्रमाने लिहितो.

सकाळी डॉ. ब्राश यांनी श्नूटेस पिंजऱ्यातून उचलून खाली ठेवले व कमरेवर हात ठेवून किंचाळले, “हे बावीस पौंड? अहो वेन्झ्लाफ, हिला उचलताना माझी पाठ मोडायची वेळ आली!”

“आकडा वहीत आहे, डॉक्टर.”

“वही खड्ड्यात गेली!”

त्यांनी स्वयंपाकघरातून बटाट्याचे पोते आणले, कुत्री त्यात घातली आणि पोते खाटकाच्या टांगत्या काट्यास अडकवले. श्नूटे पोत्यातून तोंड बाहेर काढून भुंकत होती. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. पुन्हा अडकवले. अठ्ठेचाळीस.

मंडळास लिहिलेले पत्र हातात घेऊन प्रोफेसर त्याच वेळी आत येत होते. त्यांनी काट्याकडे पाहिले. मग वहीकडे. मग माझ्याकडे इतका वेळ पाहिले की मी कॉलर सरळ केली.

“वेन्झ्लाफ, काट्यावर उभे राहा.”

“श्नूटेस घेऊ का, प्रोफेसरसाहेब?”

“नको,” ते हळूच म्हणाले. “एकटेच.”

एकशे छत्तीस.

मी मनातल्या मनात पडताळून पाहिले : एकशे छत्तीस व अठ्ठेचाळीस मिळून एकशे चौऱ्याऐंशी. वजाबाकीत चूक नव्हती; ज्यातून वजा केले तो मीच चूक होतो. चार महिने कुत्री लठ्ठ होत गेली व मी तिच्या खात्यावर झिजत गेलो. या चुकीमुळे प्रोफेसरांचे सहा वर्षांचे कार्य आज सकाळी टपालात पडणार होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, “सदरा काढा.”

पोटाच्या वरच्या भागात त्यांच्या बोटांस अक्रोडाएवढी गाठ लागली. ती हलते, हे त्यांच्या मते चांगले. मी विचारले, “क्रमांक तेरा?”

प्रोफेसर रागावले. गेल्या सहा वर्षांत ते मजवर प्रथमच रागावले. “तुम्हाला नंबर नाही, वेन्झ्लाफ. तुम्हाला नाव आहे.”

मंडळास लिहिलेले ते पत्र त्यांनी शेगडीत टाकले.

२२ फेब्रुवारी १८८१

मला भय वाटते. हे येथेच लिहिता येते.

प्रोफेसर आग्रह करत नाहीत. “मी हे आजवर एकाही माणसावर केलेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही मेलात तर डामरो म्हणतील, स्वतःच्या माणसाचा बळी दिला. त्याची मला पर्वा नाही. पण तुम्ही मेलात तर मी पुन्हा माणसाच्या पोटाला हात लावणार नाही. त्याची मात्र पर्वा आहे.” न केल्यास किती अवधी, असे मी विचारले. उन्हाळ्यापर्यंत, ते म्हणाले. उपाशी.

अकरा खड्डे कोठे आहेत हे मला ठाऊक आहे. चार लिंडेनच्या झाडाखाली, सात कुंपणालगत.

घरी सांगितले. ओटिलीने हातातील विणकाम खाली ठेवले. “श्नूटेसाठी खड्डा खणावा लागला का?”

“नाही.”

“मग? कुत्रीला जमलं ते तुला जमणार नाही? एवढा ताठ माणूस तू!” नंतर ती स्वयंपाकघरात गेली व तिने दार लावून घेतले.

मी होकार कळविला आहे.

२ मार्च १८८१

शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठ वाजता. गेली एकतीस वर्षे शस्त्रक्रियेचे साहित्य मीच सिद्ध करतो, म्हणून आजही बसलो. साठ धागे रेशीम कार्बोलिकमध्ये भिजवले, एकेक बोटांतून ओढून गाठी पाहिल्या. चार टाकून दिले.

प्रोफेसर दारात उभे होते. “रुग्णानं स्वतःचं रेशीम तयार करायचं नसतं, वेन्झ्लाफ.”

“मग काय मी दुसऱ्याने केलेल्या रेशमावर विसंबू?”

ते शेजारी बसले, एक धागा उचलून उजेडात धरला व म्हणाले, “वडील असंच करायचे.” आम्ही दोघांनी मिळून उरलेले धागे तपासले.

११ मार्च १८८१

जिवंत आहे.

आंबट दूध : दोन चमचे. पोटात राहिले.

१३ मार्च १८८१

आंबट दूध अर्धा पेला. राहिले. डॉ. ब्राश म्हणतात, शस्त्रक्रियेस दीड तास लागला, टाके बावन्न. गाठ काचेच्या बरणीत ठेवली आहे. मी पाहावयास मागितली. क्षुल्लक दिसते.

प्रोफेसर तीन दिवस येथेच बाकावर झोपले, असे परिचारिका सांगते. त्यांच्या दर्जाच्या माणसाने असे करू नये. मी बरा झाल्यावर त्यांना सांगेन.

२० मार्च १८८१

आज उकडलेले अंडे. राहिले. ओटिलीने अंडे स्वतः सोलले व मी खात असताना माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती जणू मी काही चमत्कार करीत आहे. मी तिला विचारले, “वाटाणे अजून आहेत का घरी?” तिने मला बशीनेच मारले असते.

२७ एप्रिल १८८१

मला विद्यार्थ्यांसमोर उभे करण्यात आले. येथील रिवाजानुसार प्रोफेसर सभागृहात आले की विद्यार्थी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करून त्यांना मान देतात. आज मी प्रथम आत गेलो, प्रोफेसर माझ्यामागे होते, आणि विद्यार्थ्यांनी तत्काळ टकटक सुरू केली. मी हात वर करून सांगितले, “थांबा. प्रोफेसर अजून आलेले नाहीत.” त्यावर ते अधिकच जोराने टकटकू लागले, काहीजण तर बाकांवर उभे राहिले. नव्या पिढीस शिस्त नाही.

प्रोफेसर दारातच उभे राहून स्वतःही चौकटीवर टकटक करीत होते. यांचेही काय करावे?

१ जून १८८१

कामावर रुजू झालो. माझ्या गैरहजेरीत सुऱ्या लांबीनुसार न लावता कशाही लावल्या होत्या. त्या नीट लावण्यात दोन दिवस जातील.

६ फेब्रुवारी १८८२

प्रोफेसरांचा शोधनिबंध शरद ऋतूत प्रसिद्ध झाला होता. राजधानीच्या विद्यापीठातील रिकाम्या पदासाठी त्यांचे नाव मंत्रालयासमोर आहे, असे सर्वजण बोलतात. डामरो मात्र विरोधात आहेत.

आज डॉ. ब्राश नवे नियतकालिक घेऊन संतापाने आत आले. “साहेब, वाचलंत? काय लिहिलंय या माणसानं! म्हणतो, हाइनरोट यांच्या त्या रुग्णाबद्दल निबंधानंतर एक ओळ आलेली नाही, तेव्हा तो आता हयात—”

“वेन्झ्लाफसमोर नको,” असे म्हणून प्रोफेसरांनी अंक त्यांच्या हातातून काढून घेतला व टोपलीत टाकला. “रुग्णाला कागदी वादात ओढायचं नाही. माझं उत्तर मी मंत्रालयाला देईन. विश्वास ठेवला तर ठेवला.”

माझ्यापासून काही लपवले जावे, हे मला मान्य नाही. सायंकाळी टोपली रिकामी करणे हे माझेच काम आहे. अंक घरी आणला.

लेख कठीण होता, अर्धा लॅटिन. परंतु दुसऱ्याच ओळीवर माझी दृष्टी थिजली. तेथे छापले होते : ‘रुग्ण, रुग्णालयातील हरकाम्या नोकर, वय एकसष्ट.’ आणि खाली टीप : मूळ निबंधातूनच उद्धृत. याचा अर्थ प्रोफेसरांच्या निबंधातही हेच छापले गेले होते! पुढे वाचण्याची इच्छाच उरली नाही. हे मला कळू नये म्हणूनच त्यांनी अंक टोपलीत टाकला, हे आता ध्यानात आले. त्यांचा दोष नसावा. छापखान्यात कोणीतरी बेपर्वा असतो.

ओटिली म्हणाली, “जाऊ दे ना! जिवंत आहेस, जेवतोस, आणखी काय हवं?”

“जिवंत तर कोणीही असतो,” मी म्हटले.

८ फेब्रुवारी १८८२

संपादकांस पाठविलेल्या पत्राची नक्कल, तीन कच्च्या प्रतींनंतर :

‘मान्यवर संपादक महोदय, आपल्या नियतकालिकात दोन वेळा माझा उल्लेख हरकाम्या नोकर असा झाला आहे. हे चूक आहे. मी गेली बत्तीस वर्षे शस्त्रक्रियागृहाचा मुख्य परिचारक असून नेमणुकीचा आदेश माझ्यापाशी आहे. माझे वय एकसष्ट नसून एकोणसाठ आहे. याविषयी शंका असल्यास कळवितो की आज सकाळी मी कोळशाच्या दोन बादल्या न थांबता तिसऱ्या मजल्यावर नेल्या, न्याहारीस राय धान्याची भाकरी, खारवलेला मासा व दोन अंडी घेतली, आणि काट्यावर माझे वजन, कोणासही न उचलता, एकशे अठ्ठावन्न पौंड भरले. एकसष्ट वर्षांच्या माणसाकडून हे सहसा होत नाही. कृपया दुरुस्ती छापावी. आपला, ट्राउगोट वेन्झ्लाफ, मुख्य परिचारक.’

टपालात टाकले. प्रोफेसरांस सांगितले नाही. त्यांना छापखान्याच्या चुकीची लाज वाटली असती.

२ मार्च १८८२

पत्र छापून आले. संपूर्ण, एकही शब्द न वगळता, आणि पहिल्याच पानावर. दुरुस्तीस पहिले पान देणे हे त्या संपादकांच्या सचोटीचे द्योतक आहे.

डॉ. ब्राश अंक फडकावीत जिन्यावरून धावत आले व माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “अहो वेन्झ्लाफ, तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळतंय का?”

“दुरुस्ती मागितली.”

प्रोफेसरांनी पत्र उभ्यानेच वाचले. ‘खारवलेला मासा’ येथे पोहोचल्यावर ते हसू लागले, ‘कोणासही न उचलता’ येथे त्यांना बसावे लागले, आणि शेवटी चष्मा काढून त्यांनी चेहरा हातांत झाकला. खांदे बराच वेळ हलत होते. हसण्याची अशी पद्धत मी यापूर्वी पाहिलेली नाही.

दुपारपर्यंत सात तारा आल्या. सर्व अभिनंदनाच्या. पदाच्या प्रश्नाकडे सुशिक्षित लोकांचे इतके लक्ष असेल अशी मला कल्पना नव्हती.

१४ मार्च १८८२, मंगळवार

प्रोफेसर डामरो स्वतः राजधानीहून आले. माझी तपासणी करण्याची अनुमती त्यांनी पत्राने मागितली होती. पाकिटावर ‘मुख्य परिचारक श्री. वेन्झ्लाफ’ असे स्वच्छ अक्षरांत होते. मी कळविले होते की मंगळवारी दहा ते बारा यावे व बूट दारात पुसावेत. त्यांनी पुसले.

वयाने सत्तरीचे, उंच, छातीवर दोन पदके. प्रोफेसर हाइनरोट खिडकीशी उभे राहिले. डामरोंनी माझे पोट कितीतरी वेळ दाबून पाहिले, व्रणावरून अंगठा फिरवला, मला खोकावयास, वाकावयास, उडी मारावयास लावले. मग विचारले, “काल रात्री काय खाल्लंत?”

“वाटाण्यांचे सूप. डुकराच्या मांसासह.”

“आणि?”

“आणि दुसरी वाटी.”

“उलटी?”

“कशासाठी?” मी विचारले.

त्यांनी पुन्हा एकवार बोटे दाबली. नंतर ते हळूहळू उभे राहिले व प्रोफेसरांकडे वळून म्हणाले, “हाइनरोट, माझी बायको याच दुखण्यानं गेली. चार महिने मी तिच्या उशाशी बसून होतो. काही करता येत नाही, हे मी तिला शपथेवर सांगितलं होतं.” मग म्हणाले, “मंत्रालयाला मी आजच लिहितो. ती खुर्ची तुमची आहे.”

प्रोफेसरांनी त्यांचा हात धरला. हे संभाषण खाजगी असल्याने मी सदऱ्याच्या गुंड्या लावण्याकडे लक्ष दिले.

जाताना डामरो दारापाशी थांबले आणि मजकडे वळले. त्यांनी टोपी काढली, ती छातीशी धरली आणि, बाहेर पाऊस असूनही, उघड्या डोक्याने कमरेपासून वाकले. राजधानीचे प्रोफेसर हरकाम्या नोकरासमोर असे वाकत नाहीत. आता या विषयावर कोणाचा संशय उरला असेल असे मला वाटत नाही.